डाव्या खांद्याची रायफल

ऑक्टोबर सरत आला की इथल्या टेकड्या गंजू लागतात. उन्हाळाभर कमरेएवढे हिरवेगार उभे असलेले नेचे आठवड्याभरात वाळतात आणि अख्खा उतार जुन्या पत्र्यासारखा तांबूस दिसायला लागतो. एडिनबरा सोडून उत्तरेला दोन तास गेलं की गाडीची काच थोडी खाली करायची. आधी गारठा आत येतो, मग कुजून काळ्या झालेल्या मातीचा ओला, किंचित आंबट वास. तो आला की मला कळतं, मादी हरणांचा सीझन सुरू झाला.

मी हरणं मारते. हे वाक्य मराठीत म्हणायला मला बराच काळ लागला. इंग्रजीत त्याला ‘कलिंग’ म्हणतात. स्वच्छ, ऑफिसात शोभेल असा शब्द आहे. त्यात रक्त दिसत नाही, आणि म्हणूनच मी तो वापरत नाही. जे हातानं करायचं ते तोंडानं म्हणता आलं पाहिजे. मी संघमित्रा, सगळ्यांची मित्रा, मूळची नागपूरची. गेली अठरा वर्षं एडिनबराच्या एका हॉस्पिटलमध्ये हातांची थेरपिस्ट आहे. मोडलेली, कापलेली, शिवलेली बोटं परत चालती करणं हे माझं काम. आठवड्याचे चार दिवस मी हात जोडते आणि हिवाळ्यातले काही शनिवार हरणं मारते. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना ती दिसू दे. मला ती सोडवून दाखवायची नाही.

दर ऑक्टोबरला मला आठवतो तो पहिला सीझन, तीन वर्षांपूर्वीचा. खरं तर त्याच्याही आधीचं ते वर्ष, ज्यात मी दोन रायफली हातात घेऊन उभी होते आणि कुठली घ्यावी हा प्रश्न बघता बघता फक्त रायफलीचा उरला नव्हता.

सुरुवात मोरॅगच्या हातानं झाली. मोरॅग साठी उलटलेली, बोलायला कंजूष, गालांवर वाऱ्यानं फुटलेल्या लाल शिरा. ओझं ओढायच्या विंचच्या तारेत सापडून तिची तीन बोटं चेचली होती. दर मंगळवारी ती यायची आणि मी गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून तिच्या हाताला स्प्लिंट बनवायचे. तो पत्रा हातावर ठेवायचा, दाबायचा नाही, नुसता धीर धरायचा. तो आपोआप माणसाच्या हाताचा आकार घेतो. तिचं शेवटचं सेशन झालं तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या हातांना घाई नाही. आता मी तुझी पेशंट नाही, तेव्हा विचारते. माझ्या रानात येशील?”

तिचं रान म्हणजे गावानं मिळून विकत घेतलेली एक टेकडी. तिथे परत जंगल उभं करायचं गावानं ठरवलं होतं आणि हरणांचं काम मोरॅगकडे होतं. पहिल्याच दिवशी तिनं मला गुडघ्याएवढं एक झुडूप दाखवलं. रोवनचं झाड. खोड माझ्या करंगळीएवढं.

“वय सांग,” ती म्हणाली.

“दोन वर्षं?”

“तीसच्या वर. दर हिवाळ्यात खाल्लं जातं, दर उन्हाळ्यात परत फुटतं.”

इथले लांडगे माणसानं केव्हाच संपवले. हरणं वाढत गेली आणि त्यांनी टेकडी चाटूनपुसून खाल्ली. पुढे मार्चमध्ये ओढ्याकाठी मी एक मादी पडलेली पाहिली. अंगावर जखम नव्हती. फासळ्या मोजता येत होत्या, तोंडात अर्धवट चावलेली हेदरच्या झुडपाची काडी तशीच होती. ती भुकेनं मेली होती. कुणी मारली नव्हती म्हणून तिचं मरण कुणाच्या नावावर नव्हतं, एवढंच. परतीच्या वाटेवर मी मोरॅगला म्हटलं, “मला शिकव.”

बाबांना सांगणं त्याहून अवघड होतं. आई गेल्यानंतर ते नागपूरहून माझ्याकडे राहायला आले होते. बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर चळवळीत काम केलेले, रोज सकाळी आंघोळ करून पंचशील म्हणणारे. आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, रेडिएटरच्या वर, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी त्यांना सांगितलं, हे माझं चुकलंच.

“काय बोलून राहिली तू?” ते म्हणाले. “पहिलं शील कोणतं आहे?”

“माहीत आहे, बाबा.”

“मग?”

“रविवारी मटण तुम्हीही खाता.”

“मी मारत नाही.”

“तुमच्यासाठी दुसरा कोणी मारतो. त्याचं शील तेवढं मोडू दे, असंच ना?”

मग त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. त्यांचे वडील, माझे आजोबा, भंडाऱ्याकडच्या रानात हाका घालायला जात. साहेब येवो नाहीतर मालगुजार, शिकार ठरली की वस्तीवर निरोप यायचा आणि बाप्यांनी काठ्या, डबे घेऊन निघायचं. ती वेठ होती, मजुरी नव्हती. अनवाणी पायांनी झुडपांतून ओरडत पुढे सरकायचं आणि जनावराला मचाणाकडे हाकलायचं. जनावर उलटलं तर ते आधी हाकेवाल्यावर उलटायचं. आजोबांच्या मांडीवर रानडुकरानं काढलेली वीतभर खाच होती. म्हातारपणी ते एकाच गोष्टीचं वर्णन करत: मचाणावरच्या बंदुकीचं. तेल पाजून आरशासारखं केलेलं लाकूड. “पोट्ट्याहो, त्यात तोंड दिसे.”

“ज्या हत्यारासमोर माझ्या बापाला जनावरासारखं पळवलं,” बाबा म्हणाले, “ते तू घरात आणणार?”

मी म्हटलं, “हो.” पण त्या ‘हो’मध्ये मी काय म्हटलं होतं ते मला पुढचे कित्येक महिने कळत गेलं.

मोरॅगच्या रायफलीवर मी नेमबाजी शिकले. ती उजव्या हाताची होती आणि मी डावखुरी. इथे थोडं सांगायला हवं. बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा हातानं वर करून मागे ओढायचा असतो. रिकामं काडतूस बाहेर पडतं. दांडा पुढे ढकलला की नवं आत जातं. तो दांडा उजव्या बाजूला असतो. डाव्या खांद्यावर रायफल घेणाऱ्याला दर वेळी हात नळीवरून पलीकडे न्यावा लागतो, डोकं उचलावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचं जनावर कुठे गेलं ते कळत नाही. पहिली गोळी चुकून नुसती जखम झाली, तर दुसरी क्षणात मारता आली पाहिजे. तिथे हा प्रश्न सोयीचा उरत नाही. तो हरणाच्या यातनेचा होतो.

म्हणून आम्ही दोघी बंदुकांच्या दुकानात गेलो. दरवाज्याशी ओल्या कुत्र्यांचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास, भिंतीवर शिंगं, काउंटरमागे रांगेनं उभ्या रायफली. दुकानदार उंच, हसतमुख. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोरॅगला विचारलं, “हिला काय दाखवू?”

“तिला विचार,” मोरॅग म्हणाली. “तिला तोंड आहे.”

त्यानं आतून एक छोटी रायफल आणली. दस्ता आखूड, त्यावर जांभळट नक्षी. “लेडीज अँड यूथ मॉडेल,” तो म्हणाला. “हलकी आहे. धक्का कमी वाटेल.”

“मी चव्वेचाळीस वर्षांची आहे,” मी म्हटलं. “यूथ संपून बराच काळ झाला. आणि हलक्या रायफलीचा धक्का जास्त बसतो.”

मोरॅग खिडकीबाहेर बघत हसली. दुकानदार मात्र गंभीर झाला आणि त्यानं खऱ्या दोन रायफली काउंटरवर ठेवल्या.

एक फिनलंडची, एक झेक बनावटीची. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. गोळी तीच, नळीची लांबी जवळजवळ तीच, वजनात एका सफरचंदाचा फरक. लोक या दोन रायफलींवरून तासन्‌तास भांडतात, हे मला तोवर ऐकून माहीत होतं. मी दोन्ही पुन्हापुन्हा हातात घेतल्या. फिनलंडच्या रायफलीचा बोल्ट लोण्यात सुरी फिरावी तसा फिरायचा. दांडा थोडाच वर केला की उघडायचा, त्यामुळे वरच्या दुर्बिणीला बोटं घासत नव्हती. झेक रायफलीचा बोल्ट जाड, जरा खरखरीत, पण काडतुसाला अशी घट्ट पकडायचा की रायफल उलटी केली तरी ते सुटलं नसतं. एकीचा चाप काच तुटावी तसा एकदम सुटायचा, दुसरीचा दोन टप्प्यांत. हातमोजा घालून मी दोन्हींचे सेफ्टीचे खटके चाळून पाहिले. थंडीत बधिर झालेल्या अंगठ्याला काय सापडेल, हे मी रोज पेशंट्सबरोबर करते तेच काम होतं. दुकानदार आता लक्ष देऊन बघत होता.

“दोन्ही चांगल्या,” मी म्हटलं. “आता डाव्या हाताच्या दाखवा.”

“त्या ऑर्डर कराव्या लागतील. आणि खरं सांगू? डावखुरे लोक ॲडजस्ट करून घेतात. सवयीचा प्रश्न असतो.”

सवयीचा प्रश्न! मी नागपुरात तिसरीत होते. आमच्या बाईंनी माझा डावा हात रुमालानं बाकाच्या दांड्याला बांधला होता. तो हात कशासाठी असतो ते वर्गाला मोठ्यानं विचारलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते शाळेत जाऊन भांडतील अशी माझी खात्री होती, कारण ते सगळ्या जगाशी भांडत असत. ते बराच वेळ माझं मनगट चोळत बसले आणि म्हणाले, “बाई, आपल्याला भांडणं आधीच खूप आहेत. हे एक सोडून दे.” मी सोडून दिलं. आजही मी उजव्या हातानं लिहिते, वेडंवाकडं. माझ्या केस-नोट्स वाचताना ज्युनिअर्स चाचपडतात. बाबांना मी दोष देत नाही. सगळ्या लढाया लढायला माणसाला एकच आयुष्य असतं, हे मलाही आता कळतं. पण त्या दुकानात, त्या हसऱ्या माणसासमोर मला वाटलं, हे एक मी सोडणार नाही.

“मी ॲडजस्ट करणार नाही,” मी म्हटलं. “रायफल करेल.”

मग सुरू झाली दस्त्याची गोष्ट. दस्ता म्हणजे रायफलीचा तो भाग जो खांद्याला टेकतो, ज्यावर गाल ठेवायचा. कॅटलॉगात तीन प्रकार होते. अक्रोडाचं लाकूड, लॅमिनेट, म्हणजे पातळ लाकडी थर चिकटवून केलेलं, आणि सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिक. डाव्या हातासाठी मात्र निवड आपोआप कमी व्हायची. फिनलंडची डावी रायफल फक्त सिंथेटिकमध्ये, झेक फक्त अक्रोडात. लॅमिनेट डाव्यांसाठी कुणी बनवतच नव्हतं. आणि सगळ्यांचं माप सहा फुटी पुरुषाचं. मी पाच फूट एक इंच. दस्ता लांब असला की मान ताणावी लागते, डोळा दुर्बिणीच्या मध्यावर येत नाही आणि बघणं चुकलं की नेम चुकतो.

दुकानदारानं अक्रोडाचा एक दस्ता माझ्या हातात ठेवला. काय सांगू! गडद तपकिरी, आत धुरासारख्या रेषा, तेलानं गुळगुळीत. उजेडाकडे धरला तर त्यात दिव्याची ट्यूब दिसली. मला तो हवा झाला, लहान मुलाला हवा होतो तसा. आणि त्याच क्षणी मला आजोबा आठवले. ही इच्छा माझी नव्हती. ती त्या मचाणाखालून वर बघणाऱ्या माणसाची होती. आजोबांनी आयुष्यभर जे खालून पाहिलं ते आपल्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं. हवंही होतं आणि नकोही. मी तो परत काउंटरवर ठेवला. नव्वद टक्के दिवस पावसाचे असलेल्या टेकडीवर ते लाकूड पाणी पिऊन फुगलं असतं, नेम सरकला असता, हे कारण खरंच होतं. पण पहिलं नव्हतं.

सिंथेटिकवर पाऊस पडला काय नि दगड आपटला काय, त्याला फरक पडत नाही. पण तो दस्ता पोकळ होता. हेदरची काडी घासली तरी आतून रिकाम्या डब्यासारखा वाजायचा. हरणाचे कान फार तिखट असतात. उरलं लॅमिनेट. वजनाला जड, दिसायला पट्ट्यापट्ट्यांचं आणि जरा बेंगरूळ, पण पावसात न हलणारं.

“ते तुझ्यासाठी नाही बनत,” दुकानदार म्हणाला. यात त्याचा काही दोष नव्हता.

“कुणी बनवेल?”

दुकानामागच्या शेडमध्ये एक म्हातारा सुतार होता. तो जुने दस्ते दुरुस्त करायचा. त्यानं मापाची टेप काढली, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं, डोकं खाजवलं. म्हणाला, “हात जमेल. गालाचं अवघड आहे. हाडं प्रत्येकाची वेगळी.”

पुढच्या शनिवारी मी घरून स्प्लिंटचा पत्रा आणि इलेक्ट्रिक किटली घेऊन गेले. त्याच्या शेडमध्ये, लाकडाच्या भुशात बसून, मी एका मोडक्या दस्त्यावर तो मऊ पत्रा ठेवला, रायफल खांद्याला लावावी तसा दस्ता लावला, डोळे मिटले, गाल टेकवला आणि धीर धरला. चार मिनिटं. पत्रा गार झाला तेव्हा त्यात माझ्या गालाचं हाड होतं, जबडा होता, डाव्या हाताची पकड होती. म्हाताऱ्यानं तो साचा उलटासुलटा करून पाहिला. मग त्यानं दुकानदाराला हाक मारली आणि म्हणाला, “हे बघ. माझ्या पन्नास वर्षांत कुणी चेहरा आणून दिला नव्हता.”

फिनलंडची डावी रायफल मागवायची आणि तिला लॅमिनेटचा दस्ता त्यानं कोरून द्यायचा, असं ठरलं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. तोवर मी लायसन्सच्या मागे होते. फॉर्म, दोन ओळखीच्या माणसांची नावं, डॉक्टरचं पत्र. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला बोल्टनं पक्की केलेली लोखंडी पेटी. तिची किल्ली कुठे असते ते घरात फक्त मला माहीत.

पोलिसांकडून चौकशीला जो माणूस आला तो शांत, पन्नाशीचा. त्यानं पेटी हलवून पाहिली, मला तासभर प्रश्न विचारले. मग पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे वळला. “सर, तुम्ही याच घरात राहता. तुमच्या मुलीकडे रायफल असण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. बाबांनी हो म्हणावं असं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ते खोटं बोलले नसते. त्यांच्या एका वाक्यानं सगळं तिथेच थांबलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पेपरची घडी घातली आणि आपल्या बँकेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “आय ॲम नॉट हॅपी, ऑफिसर. मी बुद्धिस्ट आहे. मला हे पसंत नाही, आणि हे मी तिला रोज सांगतो. पण तुम्ही विचारता आहात की ती सेफ आहे का. तर तेही लिहून घ्या. माझ्या माहितीत तिच्याइतकं सेफ माणूस दुसरं नाही.”

तो माणूस लिहीत होता. मी ट्रे खाली ठेवायचं विसरले होते.

रायफल हातात आली त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळींचा दिवाळी फराळ होता. चर्चचा हॉल, पेपर प्लेटमध्ये चकली, अनारसे, कोपऱ्यात कुणाचं तरी तबला-पेटीचं साउंड चेक. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण हॉस्पिटलमधून बातमी पोचलेली. एक सीनिअर डॉक्टरीणबाई, मंडळात ज्यांना सगळे मानतात अशा, प्लेट घेऊन माझ्याजवळ आल्या.

“अगं, बंदूक घेतलीस म्हणे? मला तर ऐकूनच कसंतरी झालं.” मग आवाज खाली आणून, अगदी समजूतदारपणे, “अर्थात, तुमच्यात चालत असेल ना.”

‘तुमच्यात.’ इथल्या इतक्या वर्षांत तो शब्द मी कितीतरी वेळा गिळला होता. माझ्या शेजारी बाबा बसले होते आणि त्यांनीही तो ऐकला.

“नाही, मॅडम,” मी म्हटलं. आवाज मी खाली आणला नाही. “आमच्यात आजवर फक्त हाका घालायचं काम चालायचं. बंदूक वरच्या लोकांत चालायची. आता जरा बदल केला.”

बाई काहीतरी पुटपुटत चहाच्या टेबलाकडे गेल्या. बाबांनी अनारशाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाले, “जास्त तुपकट झाला आहे.” एवढंच. पण परतताना बसमध्ये त्यांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

पहिली मादी मला नोव्हेंबरच्या मध्यावर मिळाली. त्याच्या आदल्या शनिवारी मी मारली नव्हती. हरीण समोर होतं, रायफल स्थिर होती, पण ते तिरकं उभं होतं आणि माझी खात्री नव्हती. मोरॅग पुटपुटली, “बरोबर केलंस.” न मारणं हाही त्या कामाचाच भाग आहे, हे त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या वेळी सकाळी दहाचा सुमार, पाऊस थांबलेला, ढग टेकडीच्या कंबरेवर. आम्ही ओढ्याच्या पात्रातून सरपटत वर गेलो. माझी कोपरं भिजून बधिर झाली होती. वर पाच माद्या चरत होत्या. “मागची,” मोरॅग म्हणाली. “एकटी. यंदा तिला पिल्लू नाही.” मी डोळे मिटून गाल टेकवला, मग डोळे उघडले. दुर्बिणीच्या अगदी मध्यावर ती होती. मला काहीच शोधावं लागलं नाही, मान वाकवावी लागली नाही. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू मी जशी आहे तशी माझी वाट बघत होती. ती वळून माझ्याकडे कूस करून उभी राहिली, मान वर केली. मी श्वास सोडला आणि चाप दाबला.

ती वीसेक पावलं धावली आणि खाली बसावी तशी बसली. माझा हात आपोआप बोल्टवर गेला होता, दुसरी गोळी आत होती. तिची गरज पडली नाही.

जवळ गेलो तेव्हा तिच्या अंगातून वाफ निघत होती. मोरॅगनं सुरी माझ्या हातात दिली. पोट कसं उघडायचं, काय कुठे धरायचं ते ती सांगत होती, पण माझ्या हातांना बरंचसं माहीत होतं. शिरा, पडदे, स्नायू सगळे तसेच असतात. गोठलेली बोटं तिच्या छातीच्या पोकळीत ऊबदार झाली. मला लाज वाटली नाही आणि अभिमानही वाटला नाही. जबाबदारीला वजन असतं असं म्हणतात; मला ते त्या दिवशी नेमकं किती ते कळलं, कारण तिला ओढत खाली आणायला आम्हाला दोन तास लागले.

घरी आले तेव्हा नखांखाली रक्त होतं. बाबांनी दार उघडलं, हात पाहिले, आत जाऊन गरम पाण्याचा टब भरून आणला. मी हात बुडवून बसले.

“रडलीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“का?”

“आधी रडले असते तर हात थरथरला असता. नंतर काम होतं.”

त्यांनी टबातलं पाणी बदलून आणलं. मी घरी आणलेलं हरणाचं मांस त्यांनी खाल्लं नाही, अजूनही खात नाहीत. रविवारचं मटण मात्र त्यांनी त्या आठवड्यापासून बंद केलं. मला न सांगता.

त्यालाही आता तीन हिवाळे झाले. यंदा मोरॅगचा खुब्याचा सांधा बदलायचा आहे. टेकडी चढणं तिला आता होणार नाही. म्हणून गेल्या शनिवारी गावाच्या हॉलमध्ये सभा होती: हरणांचं काम पुढे कुणाकडे द्यायचं? मोरॅगनं माझं नाव दिलं. बाबा माझ्याबरोबर आले होते, कारण त्यांना एकट्यानं घरी बसायचा कंटाळा आला होता. ते मागच्या रांगेत, कोट न काढता, बिस्किट खात बसले.

पुढच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. “वैयक्तिक काही नाही,” तो म्हणाला, आणि पुढे काय येणार ते मला कळलं. “पण हे काम स्थानिक माणसाकडे असावं. म्हणजे जो इथला आहे.”

मी उभी राहिले. “मी दोन तास लांब राहते, हे खरं आहे. त्याची काळजी वाटत असेल तर तसं विचारा, मी उत्तर देईन. पण इथला म्हणजे कोण, हे विचारायचं असेल, तर गेल्या तीन हिवाळ्यांत जानेवारीच्या पावसात त्या टेकडीवर मोरॅग आणि माझ्याशिवाय कोण आलं होतं, ते आधी सांगा. माझा रंग कुठला, नाव कुठलं ते हरणं बघत नाहीत, आणि रोवनही बघत नाही. तुम्हाला दुसरं कुणी मिळालं तर जरूर घ्या. पण मी माघार घेणार नाही. मतदान करा.”

अध्यक्षबाई, एक निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, “मित्राच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा.” हात वर झाले. बरेच झाले. त्या मोजत मागच्या रांगेपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“सर, माफ करा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सभासद नाही. तुमचं मत मोजता येणार नाही.”

मी वळून पाहिलं. बाबांचा हात वर होता. कोटाची बाही मनगटावरून खाली घसरलेली, हात ताठ.

“आय नो,” बाबा म्हणाले. “मोजू नका.”

हात त्यांनी खाली घेतला नाही. विरोधातली मतं मोजून झाली, माझं नाव वहीत लिहिलं गेलं, तरी तो तसाच होता. गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाले, “हरणं मारायला माझं मत नाही. आजही नाही, उद्याही नाही, ते विसरू नको.”

“नाही विसरत, बाबा.”

“पण तो विचारत होता, इथलं कोण,” ते म्हणाले. “त्याचं ते नुसतं बसून कसं ऐकायचं?”